राळेचं विरजण

अकोल्याच्या किराणा बाजारात राळ मागायला येणारं गिऱ्हाईक दोनच प्रकारचं. एक म्हणजे कोणाच्या तरी अंगातलं काढायला धुनी पेटवणारं, आणि दुसरा मूर्तिजापूरचा अब्दुल सत्तार. दुकानदार मनोजला हे तोंडपाठ होतं. तरी मे महिन्यातल्या त्या सकाळी राळेचे पिवळे खडे तराजूत टाकता टाकता त्यानं विचारलंच,

"सत्तारभाई, एवढी धुनी कोनाले देऊन राहिले?"

"काचेले."

"काचेच्या अंगात आलं काय?"

"तुह्या दुकानात ताजा माल येत नाई, काचेच्या अंगात काय येईन! पावभर मेन दे. पिवळं. पांढरं देशील तर परत आनून तुह्याच टकलावर वितळवीन."

मनोज हसला. मेण बांधता बांधता म्हणाला, "अन् आज एकटेच? जानरावदादा चाय प्यायले थांबले काय?"

"जानराव गेला," सत्तार म्हणाला. "फागुनात."

मनोजनं मेणाची पुडी बाजूला ठेवली. मग तराजूत राळेचा एक मोठा खडा वरून टाकला, आणि सत्तारनंही नको म्हटलं नाही.

आता सत्तारचा धंदा सांगायला हवा, कारण आसपास तो करणारे दोघंच होते आणि त्यातला एक वर गेला होता. हे दोघं आकाश बघायच्या दुर्बिणीच्या काचा घासायचे. जाड काचेची चकती घ्यायची आणि तिचा एक चेहरा बशीसारखा खोल करायचा, पण इतका हलका खोल की बोट फिरवून कळू नये. खोल काच घासायला हत्यार लागतं फुगीर. लोखंडाचा ठोकळा सत्तार लेथवर फुगीर कातायचा, त्यावर राळ आणि मेण वितळवून थर ओतायचा आणि थर कोमट असतानाच सुरीनं त्यात शंकरपाळ्यांसारखे चौकोन पाडायचा. उन्हाळ्यात राळ जास्त, हिवाळ्यात मेण जास्त. अंगठ्याचं नख दाबलं की प्रमाण कळायचं. लोकांना वाटतं राळ म्हणजे दगड. दगड नव्हे, बरं का. राळ वाहते. इतकी सावकाश वाहते की डोळ्याला दिसत नाही, पण जे तिच्यावर टेकवून ठेवाल त्याचा आकार ती मुकाट्यानं घेते आणि विसरत नाही.

हत्यार सत्तारचं, हात जानरावाचा. वाळूनं भरलेल्या पिंपावर हत्यार पक्कं बसवायचं, त्यावर गुलाबी पावडरीचं पाणी, त्यावर काच पालथी. आठ वेळा पुढेमागे रेटायची, की एक पाऊल बाजूला सरकायचं. पुन्हा आठ, पुन्हा एक पाऊल. असं पिंपाभोवती दिवसभर फिरत राहायचं. जानराव होता डावखुरा, म्हणून तो उलटा फिरायचा.

"तुह्यं हत्यार तुह्याच तब्येतीवर गेलं, लेका," तो म्हणायचा. "मंधातच फुगते."

"अन् तू त्याच्याभवती फिरून राहिला तीस वर्सं, घान्याच्या बैला," सत्तार म्हणायचा.

आणि जानराव तंबाखूच्या खर्ऱ्यानं भरलेल्या तोंडानं हसायचा.

तर जानराव गेला तेव्हा एक काच अर्धी राहिली होती. सहा इंचांची. ती त्याच्या पोरीसाठी होती. सीमा धामणगाव रेल्वेच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. जूनमधे शाळा उघडली की पोरांच्या हाती दुर्बीण द्यायची, असं तिनं बापाकडून कबूल करून घेतलं होतं. नळी तयार होती, स्टँड तयार होता. तेराव्याच्या दिवशी तिनं सत्तारला एवढंच विचारलं, "चाचा, ते काच तुमी पुरी करसाल ना?" सत्तारनं मान हलवली. मान हलवली खरी, पण दोन महिने तो त्या पिंपाजवळ गेला नाही.

बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांना लागून त्याचं घर. रुळांत बाभळी माजलेल्या. बायको बिस्मिल्लाबी जाऊन सहा वर्षं झाली, लेक इफ्फत अमरावतीला तिच्या संसारात. दोन खोल्या, एक लेथ, एक पिंप आणि एक माणूस. उन्हाळ्याच्या दुपारी त्या बाजूला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. वऱ्हाडातली मे महिन्याची दुपार म्हणजे काय असते ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. बाराला दारं लागतात ती पाचला उघडतात, आणि मधे गावात कोणी राहतं यावर पैज लावायची सोय नसते.

राळ आणली त्या दिवशी सत्तारनं जुनं हत्यार काढलं. जानरावानं वापरलेलं. त्याच्या हातानं त्या राळेला एका बाजूला किंचित उतार आला होता. ती खरडून फेकायची आणि नवी ओतायची, हा नियम. जुनी राळ नव्यात कधी मिसळायची नाही, कारण तिच्या पोटात जुन्या पावडरीची खर अडकलेली असते आणि ऐन वेळी काचेला ओरखडा पाडते. हा नियम सत्तारनंच केला होता आणि तीस वर्षं जानरावाच्या कानीकपाळी ओरडला होता.

त्यानं राळ खरडली. टोपल्यात गोळा केली. टोपलं घेऊन दारापर्यंत गेला.

मग परत आला. त्यातला सुपारीएवढा तुकडा उचलला आणि चुलीवर वितळत असलेल्या नव्या राळेत टाकला. बायका उद्याच्या दह्यासाठी आजचं चमचाभर राखतात ना, तसा. "तेवढंच इरजन," तो भांड्याशीच पुटपुटला. तुकडा विरघळला तेव्हा धुरात खर्ऱ्याचा वास आल्यासारखं वाटलं. राळेला चुलीवर कसले कसले वास येतात. त्यानं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिंपाभोवती फिरला. सर्रक, सर्रक. आठ वेळा, एक पाऊल. नवी राळ काचेला छान धरत होती. दुपारी जोहरच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा त्यानं काच हत्यारावर तशीच पालथी ठेवली, कुलूप लावलं आणि मशिदीत गेला.

परतायला पाऊण तास लागला. त्या उन्हात तळहाताचं पाणी दारापर्यंत पुरत नाही. राळेवरची पावडर कधीच सुकून पापुद्रा व्हायला हवी होती. पण काच उचलली तर खालचं हत्यार ओलं. गुलाबी पाणी कडेवरून नुकतंच ओघळत होतं.

त्यानं कुलपाकडे बघितलं. कुलूप त्याच्याच हातात होतं.

काच धुऊन त्यानं स्टँडवर उभी केली. खिडक्या लावल्या. कूलर बंद केला, कारण काच तपासताना वाऱ्याची झुळूकसुद्धा चालत नाही. कूलर थांबला तशी खोलीत अशी शांतता पडली की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यावं.

ही तपासणी गमतीची असते. अशा प्रत्येक काचेला समोर एक जागा असते. या काचेची होती आठ फुटांवर. तिथं सुईच्या भोकातून दिव्याचा उजेड सोडला की काच तो नेमका त्याच जागी परत पाठवते. आपण डोळा तिथं न्यायचा आणि दाढीच्या ब्लेडनं तो उजेड हळूच कापायचा. सगळी काच पुनवेच्या चंद्रासारखी भरते आणि तिच्यावरचे खड्डे-उंचवटे सावलीत उभे राहतात. केसाचे हजार भाग करा, त्यातल्या एकाएवढा उंचवटासुद्धा टेकडी होऊन दिसतो. नुसतं बोट क्षणभर लावलं तरी बोटाच्या उबेनं काच तिथं फुगते, टेकडी दिसते आणि पाच मिनिटांत जिरून जाते.

सत्तारनं डोळा लावला. काचेच्या मधला मोठा उंचवटा, जो जानराव गेल्यापासून तसाच पडून होता, तो नव्हता. सफाईनं उतरवलेला. आणि कडेला, नुकतीच उमटलेली, पाच बोटं होती. चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या. डाव्या हाताची.

टेकड्या नव्हत्या त्या. खड्डे होते.

सत्तारनं ब्लेड खाली ठेवलं. ऊब लागली तर काच फुगते. मग खड्डा पडायला काय लागतं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तो बघत राहिला. करंगळीचा खड्डा सगळ्यात आधी जिरला. अंगठ्याचा शेवटी.

"जानराव...?"

बाहेर बाभळीच्या शेंगा वाळून तडतडत होत्या. बाकी काही नाही.

तुम्ही-मी असतो तर त्या क्षणी अमरावतीची गाडी धरली असती. पण सत्तारनं काय केलं? त्यानं चहा ठेवला. दोन कप. एक पिंपाजवळ ठेवला आणि दुसरा पिता पिता मनोजच्या टकलाची गोष्ट सांगितली. दोन महिन्यांत त्या घरात एवढं बोलणं पहिल्यांदा झालं होतं. पिंपाजवळच्या कपावर साय धरली, ती त्यानं रोजच्या मांजरीसाठी ठेवली. मांजर त्या दिवसापासून आली नाही.

तीन दुपारी अशाच गेल्या. सकाळी हा घासायचा, दुपारी कुलपाआड तो. तिसऱ्या दुपारी सत्तारनं काच तपासली. काच पुरी झाली होती. तीस वर्षांत त्यांच्या हातून अशी काच उतरली नव्हती. कडेपासून कडेपर्यंत कुठं डाग नाही, टेकडी नाही. आता धुवायची, आरशासारखी चांदी चढवायची आणि सीमाला द्यायची.

आणि मग पिंपाभोवती फिरायला कोण येणार होतं?

त्यानं काच परत हत्यारावर टेकवली, तळहाताची टाच एका कडेवर दाबली आणि दहा मिनिटं तिथंच रगडली. इतक्या वर्षांच्या कारागिरानं, जाणूनबुजून. संध्याकाळी सीमाचा फोन आला.

"चाचा, कितीक रायलं?"

"रायलं थोडंसं, बेटा. कड ढळली."

"तुमच्या हातून?"

"वय झालं आता," सत्तार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कड जागेवर होती. पण आठ फुटांवर डोळा लावला तर अंधार. दिवा पुढेमागे केला, तरी अंधार. शेवटी खुर्ची ओढत ओढत पुढे आला तेव्हा काच भरली. टेप लावला तर सात फूट.

आता ऐका. पॉलिश करताना ही जागा हलते, नाही असं नाही. पण सूतभर. फार तर दोन सूत. एका दुपारी फूटभर जागा सरकणं म्हणजे रात्रीतून शेतातला एक एकर कमी होण्यासारखं आहे. सत्तारनं काचेची जाडी मोजली. होती तेवढीच.

त्यानं पुन्हा कड बिघडवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुधारलेली, आणि जागा सहा फुटांवर.

समजलं त्याला. न समजायला तो काही दुधखुळा नव्हता. तो जेवढ्यांदा काच नासवत होता, तेवढ्यांदा कोणीतरी ती दुरुस्त करून त्याला एक पाऊल जवळ बोलावत होतं. सीमाच्या नळीला आठ फुटांची काच हवी होती. सहा फुटांची तिला उपयोगाची नव्हती. हेही त्याला समजत होतं. तरी दर सकाळी त्याचा हात कडेवर जायचा. पाच फूट. चार. खुर्ची पुढे. इफ्फतनं फोनवर म्हटलं, "अब्बा, इकडे या ना, तिथं एकटे काय करून राहिले?" तर हा म्हणाला, "एकटा कुठी हाय?" आणि जीभ चावली.

दोन फूट. मग हातभर.

ज्या दुपारी ती जागा वीतभरावर आली, त्या दुपारी दिव्याची गरजच उरली नाही. सत्तारनं नुसता चेहरा काचेजवळ नेला. नेमक्या जागी डोळा गेला की आपलाच डोळा काचभर मोठा होऊन आपल्याकडे बघतो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तसा डोळा आला. काठोकाठ भरला.

सत्तारचे डोळे काळे होते. जानराव घारा होता.

खर्ऱ्याचा वास इतका जवळ आला की श्वास कोणाचा ते कळेना. काचेतून थंडावा येत होता, माठाच्या पोटासारखा. त्या भट्टीतल्या दुपारी तो कपाळाला किती बरा वाटला, काय सांगावं. वीतभर राहिलं होतं. टेकवलं की झालं. सत्तारची मान आपोआप पुढे गेली...

फोन वाजला.

"चाचा, मी सीमा बोलून राहिली. शुक्रवारी येते. शाळा उघडून राहिली ना सोमवारी. चाचा, मी म्हनलं इचारून घ्यावं. त्या काचेले बाबांचा हात लागलेला हाय ना? नसन पुरी झाली तरी चालीन. पन तेच काच पायजे मले. माह्यापाशी दुसरं काई नाई त्यायचं."

सत्तारनं फोन ठेवला तेव्हा काचेत त्याचाच काळा डोळा होता, लाल झालेला.

मग उठला आणि त्यानं ते केलं जे कारागीर काच फार खोल गेली की करतात. पालथी काच सुलटी केली. काच खाली, हत्यार वर. असं घासलं की खोली भरत येते आणि ती जागा मागे मागे सरकते. एक फूट, दोन फूट. दूर.

"पोरीची काच हाय, जानराव," तो म्हणाला. "तुही नाई, अन् माहीबी नाई."

आणि फिरायला लागला.

पहिल्या फेरीला काही नाही. दुसऱ्या फेरीला पिंपाच्या पलीकडे फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला. सत्तार सुलट जात होता, तो आवाज उलट येत होता. पिंपाभोवती दोघं विरुद्ध फिरले की एका फेरीत दोनदा समोरासमोर येतात. दर वेळी त्या जागी उजवा खांदा गार पडायचा आणि हत्यार जड व्हायचं, वरून कोणी तळहात ठेवल्यासारखं. सत्तार थांबायचा नाही. आठ वेळा, एक पाऊल.

"सरक," तो दबक्या आवाजात म्हणायचा. "सरक ना बावा..."

दोन दिवस तो असा फिरला. पोळी नाही, भाकर नाही, नुसतं पाणी. चार फूट झाले. सहा झाले. प्रत्येक फुटाला पलीकडची पावलं मंद होत गेली. एखादा माणूस स्टेशनावर सोडायला यावा आणि गाडीच्या दारापाशी रेंगाळावा, तशी. शेवटच्या फेरीला समोरून कोणी आलं नाही. सत्तार त्या जागी मुद्दाम थांबला. खांदा गार पडला नाही.

टेप लावला. आठ फूट. काच कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ.

त्यानं चांदी चढवली. शुक्रवारी सीमा आली. काच उन्हात धरून तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबाच वाटते." सत्तारनं तिला पेढा दिला, रिक्षापर्यंत सोडलं आणि घरी येऊन हत्यारावरची राळ खरडली. या वेळी सगळी फेकली. एक कप चहा ठेवला. घर इतकं रिकामं होतं की साखर ढवळल्याचा आवाज भिंतीवरून परत आला.

मंगळवारी संध्याकाळी, ऊन असतानाच सीमाचा फोन आला. मागे पोरांचा गलका.

"चाचा, बसवलं! बाप्पा, काय दिसते, काय सांगू! अंधार पडाची वाट कोन पायते, आमी स्टेशनाकडची पान्याची टाकी पाह्यली. टाकीवर बसलेल्या बगळ्याचं पख न् पख मोजता येते."

"वा," सत्तार म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं.

"फक्त एक गोष्ट समजून नाई राहिली. मी पोरायले सांगून ठेवलं होतं का अशा दुर्बिनीत सगळं उलटं दिसते. पुस्तकातबी तसंच हाय. पन हे तं सुलट हाय, चाचा. टाकी सरळ उभी. बगळ्याचे पाय खाली."

सत्तारनं कप खाली ठेवला.

"नळीत अजून काई बसवलं काय तू?"

"नाई. तुमी सांगतलं तेवढंच."

आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटंच पडतं. ते सुलट करायचं तर वाटेत आणखी एकदा उलटावं लागतं. त्यासाठी दुसरी काच लागते, पहिलीइतकीच नेमकी घासलेली, नळीच्या बाहेर, टाकीच्या आणि पोरीच्या मधे कुठेतरी. आणि काच काही हवेत आपोआप राहत नाही.

"चाचा? ऐकून राहिले ना? हे चांगलं हाय का खराब?"

"चित्र हलते काय, बेटा?"

"नाई. एकदम थिर हाय." मग तिला आठवलं. "मंधात एकदा हलली टाकी. एवढुशीक. जसं कोनी जड वस्तू धरून उभं राहावं... अन् हात बदलावा."